सातबारा आणि रक्तदाब

रक्तदाबाचा नवा पेशंट समोर बसला की मी त्याला तीन गोष्टी विचारतो. जेवणात मीठ किती, रात्री झोप किती आणि सातबारा कोणाच्या नावावर. पहिल्या दोन प्रश्नांना लोक सरळ उत्तर देतात, तिसऱ्याला हसतात. "डॉक्टर, दवाखाना चालवता की तलाठी कार्यालय?" असे एका गृहस्थाने मला तोंडावर विचारले होते. पण पाच मिनिटे गेली की तोच माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि सांगू लागतो. सातबारा अजून आजोबांच्याच नावावर आहे, आजोबांना जाऊन वीस-बावीस वर्षे झाली, चार चुलत्यांपैकी दोघे वारले, आणि आत्यांची नावे लावायची की नाही यावरून दिवाळीपासून घरात बोलणे बंद आहे. गोळीचा डोस वाढवण्याआधी एवढे कळलेले बरे असते.

घरच्या भांडणाने रक्तदाबाचा आजार जडतो असे सरळसोट विधान मी करणार नाही. शास्त्र तसे म्हणत नाही. पण भांडणाने झोप जाते, तंबाखू वाढते, संध्याकाळची बाटली लवकर उघडते आणि सकाळची गोळी विसरली जाते. या चार वाटांनी जे व्हायचे ते होतेच.

वाचकहो, जमीन पुढच्या पिढीकडे सोपवणे हे काम आपण वकील, तलाठी आणि फार तर गावातल्या चार जाणत्यांचे समजतो. माझ्या मते त्यात डॉक्टरचाही वाटा आहे. कागद कितीही पक्का असला तरी तो करणाऱ्या माणसाची बुद्धी त्या दिवशी शाबूत असावी लागते. आणि ही बुद्धी किती वर्षे शाबूत राहील हे रक्ताच्या कोणत्याही तपासणीत कळत नाही. आजच्या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच, की वाटणीचा निर्णय आजारपणात घेण्याचा नसतो, तो धडधाकट असताना घ्यायचा असतो. मी एम.बी.बी.एस. आहे, वकील नव्हे. त्यामुळे कायद्याच्या ज्या चार गोष्टी पुढे येतील त्या घेऊन एखाद्या जाणकार वकिलाकडे जावे, माझ्या लेखाचे कात्रण घेऊन तहसील कार्यालयात भांडू नये.

आपल्या उरण-पनवेल पट्ट्यात या प्रश्नाला जो इतिहास आहे तो इतर जिल्ह्यांत नाही. जासई हे लोकनेते दि. बा. पाटील यांचे गाव. १३ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा इथे जन्म झाला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनात आल्या. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासईच्या दास्तान फाट्यावर आणि पुढे नवघर-पागोटे भागात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. मी तेव्हा शाळकरी वयात होतो. त्या दोन दिवसांत घराघरांत पसरलेली शांतता मला अजून आठवते. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले, आणि १९९० च्या दशकात भूखंडवाटपाला गती मिळाली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले होते. मग कंटेनर यार्ड आले, रुंद रस्ते आले, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबईहून निघालेला अटल सेतू आपल्या चिर्ल्याजवळ येऊन उतरला.

याचा घरातल्या वाटणीवर परिणाम असा, की शेतात किती खंडी भात पिकते आणि त्याच शेताला गुंठ्यामागे काय भाव येतो, यांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही. पूर्वी दोन भाऊ बांधावरून भांडत ते हातभर जमिनीसाठी, आणि संध्याकाळी एकाच पारावर बसत. आता प्रश्न कोटींचा असतो. सरकारशी भांडताना जी घरे खांद्याला खांदा लावून उभी राहिली, त्यांतली काही घरे मिळालेल्या भूखंडाच्या कागदावर पहिले नाव कोणाचे यावरून फुटली. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या घरांतली दोन्हीकडची माणसे माझ्याकडेच औषधाला येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी येतात, एकमेकांची चप्पल दाराशी दिसली तर बाहेरूनच परत जातात.

यात जुन्या नोंदींची भर आहे. कुळकायद्याने जमीन मिळाली तेव्हा बऱ्याच घरांत थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरे पडली. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे जमीन सगळ्यांची आणि नाव एकाचे. त्या पिढीला तेवढे पुरत होते, कारण शब्द पाळला जात होता. नातवंडांच्या काळात ती तीन अक्षरे कोणी वाचत नाही, फक्त नाव वाचतात. मेलेल्या माणसांच्या नावावर राज्यात इतकी जमीन पडून होती की २०२५ साली महसूल खात्याला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. नाव मला फार आवडले. खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याकडे कळवावे असा महसूल कायद्याचा नियम मुळात आहेच. पण दुखवट्याच्या घरात हा विषय काढणे बरे दिसत नाही, मग वर्षश्राद्धानंतर बघू, मग पुढच्या मे महिन्यात बघू, असे करत ते राहून जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, तो म्हणजे पक्षाघात.

आमच्या भागातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील अडुसष्ट वर्षांचे, दोन एकर भातशेती आणि एक भूखंड. तीन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकाला काय द्यायचे हे त्यांच्या मनात पक्के होते. धाकटा शेती बघत होता म्हणून शेत त्याला, भूखंडात बाकीचे दोघे आणि मुलगी. मला त्यांनी हे दवाखान्यात दोनदा सांगितले. "लिहून ठेवा," मी म्हटले. "आमचे घरान तसा काय नाय, डॉक्टर," ते म्हणाले. आणि खरेच नव्हते. दिवाळीनंतर कागद करू, असे ठरले. श्रावणात एका पहाटे त्यांची उजवी बाजू गेली.

मेंदूच्या डाव्या भागात झटका आला तर अनेकांची वाचा जाते. अशा रुग्णाला समोरच्याचे बोलणे कमी-जास्त कळते, पण त्याला स्वतःला शब्द सापडत नाही. या आजोबांकडे एकच शब्द उरला, "हा". भूक लागली तरी हा, नको असले तरी हा, आणि मनासारखे झाले नाही की डोळ्यांत पाणी आणून पुन्हा हा. थोरल्याने विचारले, "बाबा, भूखंड माझ्या नावावर ना?" ते म्हणाले, "हा." दुपारी मधल्याने विचारले, तेव्हाही "हा." प्रत्येक मुलाला वडिलांनी आपल्याला हो म्हटले असे प्रामाणिकपणे वाटत होते. कोणीही खोटे बोलत नव्हते आणि तरीही तिघे तीन गोष्टी सांगत होते. शेवटी माझ्याकडे कोरा कागद आला, की वडिलांची मानसिक स्थिती उत्तम आहे असा दाखला द्या, अंगठा आम्ही घेतो. मी दिला नाही. एक मुलगा अजून माझ्या दवाखान्यात येत नाही.

इथे दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक, तोंड वाकडे झाले, एक हात उचलला न जाता खाली पडू लागला किंवा बोलणे जड झाले, तर तेल चोळत बसू नये. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी डोक्याचा सी.टी. स्कॅन व्हावा लागतो. म्हणजे गाडी लगेच निघाली पाहिजे, तीही स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे. दुसरी गोष्ट, उजवा हात गेला म्हणून कायद्याने माणूस संपत नाही. सही जमत नसेल तर अंगठा किंवा खूण चालते. बुद्धी ठीक असून केवळ हात गेलेला रुग्ण मृत्युपत्र करू शकतो. घराबाहेर पडता येत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवू शकतात, त्याला गृहभेट म्हणतात. अडचण हात गेल्याची नसते, त्याला नेमके काय हवे हे खात्रीने कळण्याचा मार्ग गेल्याची असते.

पक्षाघात एका पहाटे येतो, विस्मरणाचा आजार पावलापावलाने येतो. म्हातारपणी चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न आठवणे वेगळे. रोजच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, पैशांचा हिशेब न जमणे, सुनेने बांगडी चोरली असा संशय घेणे, ही लक्षणे दिसली तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. काही वेळा थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांनीही असेच चित्र दिसते आणि ते औषधाने बरेच सुधारते. खरा स्मृतिभ्रंश असला तरी सुरुवातीच्या काळात माणसाला आपली मुले, आपली जमीन आणि आपली इच्छा नीट सांगता येते. निदान झाले म्हणून त्याच दिवशी सगळे हक्क जात नाहीत. पण ती खिडकी महिन्या-महिन्याने लहान होत जाते. निदानानंतर पहिल्या काही आठवड्यांतच कुटुंबाने हे काम हाती घ्यावे, असे मी स्पष्ट सांगतो, आणि लोकांना ते निष्ठुर वाटते.

पुष्कळ जणांना वाटते, आपल्याकडे वडिलांचे कुलमुखत्यारपत्र आहे, मग काळजी कसली. ज्याने ते दिले त्याचा मृत्यू झाला किंवा त्याची बुद्धी गेली की असे साधे मुखत्यारपत्र कायद्याने संपते. म्हणजे जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज लागते नेमके तेव्हाच ते निकामी होते. पुढे कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो आणि त्या वाटेने गेलेली माणसे पायताण झिजवून परत येतात.

डॉक्टरचा दाखला म्हणजे काय, याबद्दलही थोडा गैरसमज आहे. दाखला म्हणजे रबरी शिक्का नव्हे. इंग्लंडमधल्या १८७० च्या एका निकालापासून मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी तपासण्याची जी कसोटी रूढ झाली ती साधी आहे. आपण काय करत आहोत हे त्याला कळते का, आपल्याकडे काय काय आहे याची ढोबळ कल्पना आहे का, आणि आपल्यावर हक्क सांगणारी माणसे कोण हे ठाऊक आहे का. मी आजोबांना एकट्यांना आत घेतो. ज्याला जमीन मिळणार तो मुलगा बाहेर बसतो, कितीही लाडका असला तरी. मग मी गप्पा मारतो. मुले किती, मुली कुठे दिल्या, कोणते शेत कोणत्या बाजूला, यंदा लावणी कोणी केली, एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी का. चूक-बरोबर असा न्याय मी करत नाही. धाकट्या सुनेने आजारपणात सेवा केली म्हणून धाकट्याला जास्त देणे हा त्यांचा अधिकार आहे. मला फक्त एवढे बघायचे असते, की निर्णय त्यांचा आहे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारले तरी तोच आहे. हे सगळे मी तारीख-वेळ घालून लिहून ठेवतो.

रुग्णालयात दाखल असलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा घेणे हा प्रकार तर बंदच व्हायला हवा. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे, यांपैकी काहीही झाले की म्हातारा माणूस सकाळी शुद्धीत आणि संध्याकाळी भ्रमात असतो. त्या अवस्थेतल्या अंगठ्यावर कोर्टात वीस वर्षे वाद चालू शकतो. उलट, काही वेळा आजोबांना 'काही कळत नाही' म्हणून बाजूला बसवलेले असते आणि प्रत्यक्षात त्यांच्या कानात मळ भरलेला असतो नाहीतर मोतीबिंदू पिकलेला असतो. कागद करायच्या आधी कान-डोळे तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस मान डोलावतो, ती संमती नसते.

आता दुसऱ्या टोकाचा धोका. काही वडील घाबरून, किंवा मुलांच्या आग्रहाने, साठीतच सगळे वाटून मोकळे होतात. मग सुरू होते पाळी. एक महिना थोरल्याकडे, एक महिना मधल्याकडे. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांना औषधे घेणारा म्हातारा माहीत नसावा. पाळी बदलते त्या दिवशी गोळ्यांची पिशवी आधीच्या घरी राहते, नव्या घरातल्या सुनेला इन्सुलिनची वेळ ठाऊक नसते, चष्मा तिसऱ्याच घरी असतो. माझ्या नोंदींत काही वृद्धांचा रक्तदाब नेमका महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चढलेला आढळतो. पगाराशी संबंध असावा असे मला आधी वाटले, मग कळले की ती पाळीची तारीख. अशी घरे असतील तर माझी विनंती आहे, गोळ्यांचा डबा, औषधांची चिठ्ठी आणि कानाचे यंत्र एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी माणसाबरोबरच हलू द्या.

पण खरा उपाय म्हणजे हात रिकामे न करणे. राहते घर आणि थोडी तरी जमीन हयातीपर्यंत नवरा-बायको दोघांच्या ताब्यात असावी. बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची चळवळ शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' या नावाने चालवली आणि १९९२ साली राज्य सरकारनेही त्या नावाची योजना आणली. आपल्याकडे किती घरांनी तिचा लाभ घेतला हे आपापल्या उताऱ्यावर बघावे. बायका नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात आणि सहसा जास्त जगतात, म्हणजे शेवटची काही वर्षे त्या एकट्या असतात, हे हिशेबात धरा. बक्षीसपत्राने मुलाला जमीन देणार असाल तर 'हा मला सांभाळेल, औषधपाणी करील' ही अट कागदात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. अट पाळली नाही तर दिलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मुलगा सालस असला तरी अट लिहावी. सालस मुलाला तिचा त्रास होत नाही.

मृत्युपत्राचे मात्र तसे नाही. ते माणूस गेल्यावरच अमलात येते, जिवंतपणी कितीही वेळा बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालते आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी, पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात. साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान असावेत आणि ज्याला जमीन मिळणार त्यातले नसावेत. माझ्याकडे एका कुटुंबाने जे मृत्युपत्र दाखवले त्यातले दोन्ही साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच वारले होते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, वडिलोपार्जित एकत्र जमिनीत वडिलांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, सगळे शेत नव्हे. स्वकष्टार्जित असेल तर सगळे देता येते. आपली जमीन कोणत्या प्रकारची हे जुने फेरफार काढून वकिलाला दाखवा.

मुलींचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का हा गोंधळ बरीच वर्षे होता, तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला. वडील आधी वारले असले तरी मुलीचा हक्क आहे. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरून काढता येत नाहीत. आता गावात काय चालते ते सांगतो. तेराव्याला बहिणी जमलेल्या असतात, रडून डोळे सुजलेले असतात, आणि संध्याकाळी एक भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा काढतो. सही करणारी बहीण मग महिन्याभराने माझ्याकडे छातीत धडधड आणि झोप न येण्याची तक्रार घेऊन येते. ई.सी.जी. नॉर्मल असतो. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा अधिकार, माहेर टिकावे म्हणून कितीतरी जणी मनापासून सोडतात. पण तो वडिलांच्या हयातीत, सगळ्यांच्या समोर बसून, तिने विचार करून सोडावा. वडिलांच्या फोटोला हार घातलेला असताना तिच्यापुढे पेन धरू नये.

एकमत असेल तर वाटणी अवघड नसते. महसूल कायद्याच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडे अर्ज करून शेतजमिनीची वाटणी होते, आणि २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने अशा वाटणीपत्राचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. पैसा फारसा लागत नाही. एका खोलीत सगळ्यांना बसवणे मात्र लागते, आणि ते काम वडील असेपर्यंतच होते. वडिलांच्या एका हाकेला येणारी चार भावंडे त्यांच्यानंतर चार वकिलांमार्फत भेटतात.

आणखी एक वाटणी कोणत्याच कागदावर नसते. आपली बरीचशी भातशेती खारजमिनीची आहे. समुद्राच्या भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मगच लावणीकडे वळायचे. बांध कुठे कच्चा आहे, खेकडे कुठे भोके पाडतात, उधाणाच्या कोणत्या दिवसांत रात्री फेरी मारायची, हे त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात असते. मुलगा यार्डात बारा तासांच्या पाळीवर असतो, त्याला सातबारा मिळतो आणि हे मिळत नाही. मग एका उधाणाला बांध फुटतो, खारे पाणी शिरते, दोन-चार वर्षांत खारफुटी उगवते आणि ती एकदा उभी राहिली की तिथे पुन्हा भात लावणे कायद्यानेही सोपे राहत नाही. शेत कोणाला द्यायचे याच्याइतकाच, ते कोण करणार हा प्रश्न आहे. कोणीच करणार नसेल तर तेही आजच मोकळेपणाने बोला. शेत विकायचे ठरले तरी ते जिवंत माणसाच्या संमतीने ठरावे.

ज्यांचे नीट झाले अशीही घरे आहेत. माझ्या परिचयाच्या एका विधवा आजींनी सत्तरीला आपला हिशेब केला. मे महिन्यात मुली माहेरी आल्या असताना सगळ्यांना ओटीवर बसवले, जावयांना मुद्दाम चहाला दुसरीकडे पाठवले, आणि आपले म्हणणे सांगितले. दोन दिवस रुसवे-फुगवे झाले. एका मुलाने जेवण सोडले. तिसऱ्या दिवशी वकील आला. शेत मुलांना, मुलींना भूखंडातला हिस्सा, राहते घर आणि परसातली तीन आंब्याची झाडे हयातीपर्यंत आजींची. त्यानंतर त्या नऊ वर्षे जगल्या. त्यांची झोप उत्तम होती, गोळी एकच होती, आणि आंब्याच्या दिवसांत माझ्या कंपाउंडरच्या टेबलावर एक टोपली असे. शेतात उतरायचे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. जमीन देऊन टाकली म्हणून म्हाताऱ्याला शेतात येऊ न देणे हा वेडेपणा आहे. ज्याने पन्नास वर्षे चिखलात काम केले त्याला अचानक टी.व्ही.समोर बसवले की सहा महिन्यांत गुडघे धरतात आणि मन खचते. त्याला दोन वाफे द्या, भाजी करू द्या.

या विषयावर विचारायला जे येतील त्यांच्यासाठी शेवटी कामाच्या सूचना. सकाळच्या वेळी या, म्हाताऱ्या माणसाचे डोके दुपारपेक्षा सकाळी चांगले चालते. चष्मा आणि कानाचे यंत्र बरोबर आणा. चालू औषधांची चिठ्ठी आणा. आदल्या रात्री झोपेची गोळी घेतली असेल तर तसे सांगा, त्या दिवशी आपण नुसत्या गप्पा मारू आणि तपासणी दुसऱ्या दिवशी करू. बरोबर कोणाला आणायचे ते आणा, पण तो बाहेर बाकावर बसेल. उतारा आणि आठ-अ मला दाखवायची गरज नाही, ते वकिलाचे काम. मी फक्त रक्तदाब बघेन आणि विचारेन, की यंदा लावणी कोणी केली.